रकाना सात

माणसाची दोन चित्रं छापली आहेत,
एक पुढून, एक पाठीमागून.
चेहरा नाही, केस नाहीत,
हात किंचित बाहेर धरलेले,
विमानतळावर झडतीला उभं केल्यासारखे.
सूचना: इजा जिथे झाली तिथे फुली मारा.

शाई वापरा म्हणतात. मी पेन्सिल घेतली.
गुडघ्यावर मारावी असं वाटलं, खोटं कशाला बोलू.
लाइल सोरेन्सनच्या गुडघ्याचं काम तीन आठवड्यांत झालं.
रस्ते विभागाचा माणूस, बर्फ लोटायच्या गाडीवरून पडला,
पडताना चार जणांनी पाहिला.

माझ्या कानावर पडलं.

काय पडलं, कुठून, किती उंचीवरून,
याला फॉर्मवर जागा आहे. दीड ओळ.

तेवीस वर्षं हेडसेट डाव्या कानाला,
चाकांची खुर्ची, चार स्क्रीन,
आणि पहिलं वाक्य कायम तेच: पत्ता सांगा.
आग नंतर, रक्त नंतर, नाव तर फारच नंतर.

फेब्रुवारीतला तो मुलगा म्हणाला, तळं.
कुठलं तळं?
म्हणाला, आमचं.
मिनेसोटात गाड्यांच्या नंबरप्लेटवरच छापलंय, दहा हजार तळी,
आणि तळ्याला घर क्रमांक नसतो.
बाबा खाली आहेत, म्हणाला. बर्फाच्या खाली.
मी म्हटलं, पोटावर झोप राजा, पुढे सरकू नकोस,
माझ्याबरोबर मोज.
दुसऱ्या फोनवर जॅनिस टॉवरवरून तळं शोधत होती,
आम्ही मोजत होतो.
चारशे बारा.
मग मोटारी, मग कुत्रं, मग कुणीतरी त्याच्या हातातून फोन घेतला
आणि लाइन तुटली.
शेवट आमच्यापर्यंत येत नाही. शेवट गाडीतून जातो.
पुढचा फोन लागलाच होता, एका बाईंची मांजर छतावर.
त्यांनाही पत्ता विचारला.

सुनावणीला तिघं जण आणि पाण्याचा एक जग.
आपण घटनास्थळी होतात का?
नाही.
किती लांब?
अडतीस मैल.
मग मिसेस किविस्तो, आपल्याला नेमकं काय झालं?

वकीलबाईंनी टेबलाखालून माझ्या बुटाला बूट लावला.
मी सांगितलं, मी मोजते.
किराण्याच्या रांगेत, दात घासताना, चर्चमध्ये गुडघे टेकल्यावर.
चारशे अकरावर थांबते.
पुढचा आकडा तोंडातून काढत नाही.
सांगितलं, वेननं दारावरची घंटा काढून टाकली,
दोन वायरी लोंबतायत,
लेकीसुद्धा आता स्वयंपाकघराच्या खिडकीवर टकटक करतात.
ते लिहून घेत होते. पेनाचा आवाज फार स्वच्छ ऐकू येत होता.

त्यांच्या डॉक्टरांचा अहवाल नंतर वाचला:
नीटनेटके कपडे. भेटीला वेळेवर आल्या.
वेळेवर येणं माझ्या विरोधात गेलं.

फुली मी शेवटी कानाशेजारी मारली होती,
चित्राच्या बाहेर, मोकळ्या कागदावर.
पेन्शन कार्यालयातल्या मुलीनं फॉर्म परत सरकवला,
फुली आकृतीच्या आत हवी, नाहीतर संगणक घेत नाही.
मग माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्या ड्रॉवरमधून खोडरबर काढलं,
आणि काही न बोलता
फुली एक बोटभर आत आणली.
तिच्या नखांना निळा रंग होता.

चौदा महिन्यांनी पत्र आलं. मंजूर.
मी पाकीट तसंच मायक्रोवेव्हवर ठेवलं, वेन येईपर्यंत.
दर वर्षी फेरतपासणी.
बरं वाटू लागल्यास तातडीनं कळवावं,
त्यासाठी खाली फोन नंबर.

आणि मागच्या बाजूला एक लहान चौकट:
पत्ता बदलला असल्यास इथे लिहा.

मी लिहिलं, तळं.
मग खोडलं,
आणि रस्त्याचं नाव, घर क्रमांक, झिप कोड,
सगळं नीट अक्षरात.