कोमट

पहाटे पाचला त्यानं घसा खाकरला.
पंखा घुमला, ठिणगी उडाली, टिक् टिक् टिक्,
आणि पुढे काही नाही.
पुन्हा तेच. पुन्हा तेच.
मग लाल दिवा,
म्हणजे आता बोलणार नाही.

टॉडमॉर्डनच्या दरीत उणे नऊ.
ड्रेसिंग गाऊनवर कोट चढवला,
कोटावर एनिडची शाल,
आणि बॉयलरसमोर उभा राहिलो
जसा बावीस वर्षं उभा राहायचो
कालव्यापलीकडच्या गिरणीत, अडलेल्या मागापुढे:
हात खिशात, कान पुढे.
यंत्राचं आधी ऐकायचं, मग हात लावायचा.
धोटा अडला की माग स्वतः सांगतो.
हा पांढरा डबा सांगत नाही.

पुस्तिका सापडली चमच्यांच्या खणात.
दाब बघा. बघितला, काटा एकच्या जरा वर.
गॅस येतोय का बघा. शेगडी लगेच निळी झाली.
मीटरमध्ये पैसे? अकरा पौंड चाळीस.
वास? जळक्या टोस्टचा, तो कालचा.
बटण दहा सेकंद दाबून धरा.
मी दहा मोजले, सावकाश.
घुमला. टिक् टिक् टिक्.
लाल.
पुढचं झाकण स्वतः उघडू नका, असं ठळक छापलंय.
पाना परत खणात ठेवला.
चौऱ्याऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकलं.

बसवणारा क्लेग वारला. त्याचा मुलगा म्हणतो, गुरुवारी.
आज सोमवार.

मग घोडं कुठे पेंड खातंय?
डब्याच्या पोटाला कान लावला.
आत पाणी होतं, डुचमळत होतं.
जळताना याला पाणी सुटतं, क्लेगनं सांगितलं होतं,
ज्योतीचा घाम म्हण हवं तर,
तो एका पांढऱ्या पाइपातून बाहेर जातो.
बाहेर. मागच्या भिंतीवरून,
जिथे फेब्रुवारीपर्यंत ऊन पोचत नाही.

एनिड म्हणाली होती, आतून न्या, सिंकखालून.
मी म्हटलं, टाइल्स फोडाव्या लागतील.
ती म्हणाली, फोडा.
मी म्हटलं, तुला काय कळतं पाइपांतलं.
अकरा हिवाळे मी बरोबर होतो.

कुठेतरी पाणी मुरत असणार, असं वाटलेलं.
मुरत नव्हतं.
पाइपाच्या कोपरात दगड होऊन बसलं होतं,
आणि जाळलेलं सोडायला जागा नाही
म्हणून हा जळायलाच तयार नव्हता.

किटली घेऊन परसात गेलो.
उकळतं नको, प्लास्टिक तडकेल. कोमट.
मनगटावर थेंब टाकून बघितला,
बाळाच्या बाटलीचा बघतात तसा.
ओतलं. भिंतीवरून वाफ निघाली, फरशीवर गोठली.

बर्नाडेट रात्रपाळीहून परतत होती.
कुंपणावरून म्हणाली,
"विल्फ, भिंतीला चहा पाजताय?"
मग स्वतःच घरातून गरम पाण्याची रबरी पिशवी आणली,
मफलरचे दोन वळसे देऊन पाइपाच्या कोपराला बांधली,
गाठ बाजूला, रुग्णाला टोचू नये अशी.
दोघं उभे राहिलो.
मी म्हटलं, टाइल्स फोडायला हव्या होत्या.
ती म्हणाली, "हं?"

तिसऱ्या किटलीला आत कुठेतरी कट् झालं,
आणि गटाराच्या जाळीवर
बर्फाची एक कांडी घसरून पडली, बोटाएवढी.
तिच्यामागून सगळं अडलेलं, भडाभडा,
बराच वेळ.
संपेपर्यंत मी तिथेच थांबलो.
माझ्या नाकातून आलं ते थंडीनं.

आत आलो. बटण. दहा.
घुमला. टिक्. टिक्.
धप्प.

शर्टाच्या बटणाएवढ्या काचेत निळी थरथर.
रेडिएटरला हात लावला: थंड.
परत लावला: थंड.
परत लावला, तर तितका नाही.

बर्नाडेट झोपायला गेली. मफलर पाइपालाच आहे.
गुरुवारी क्लेगचा मुलगा आला की सांगेन,
पाइप आतून घे, सिंकखालून.
टाइल्स एनिडनं निवडलेल्या आहेत.
सांभाळून फोड.