बावीस पंचे

शाळेत पाढा विसरला की नुसते ओठ हलवायचे,
वर्गाच्या सुरात आपला सूर सोडून द्यायचा:
अंदाजपंचे दाहोदरसे.
दांडिया बाजारातल्या त्या वर्गात मला वाटायचं
हे दाहोदकडचंच काहीतरी,
गोध्र्याच्या पुढे, मेमूनं जायचं असेल.
पारसनीसबाई फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणायच्या,
पागेदार, पुटपुटू नकोस. मोठ्यानं म्हण.

जुलैत मोठ्यानं म्हटलं,
मकरपुऱ्यात, ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात,
दिव्येशभाईंच्या काचेच्या केबिनमध्ये.
महिन्याचे कामाचे दिवस बावीस, माणसं पाच.
बावीस पंचे एकशे दहा.
ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर: तीनशे तीस.
आणि काम मोजून काढलेलं तीनशे बारा.

अठरा उरतात, म्हणाले दिव्येशभाई,
अठराचं शुं करशो, बेन?
आणि पेनानं, अगदी हलक्या हातानं,
रकमेतून अठरा दिवस काढून टाकले.
तारखेचं बोलायचंच नव्हतं.
लाभपाचमला जुनी वही बंद, नवं सॉफ्टवेअर चालू.
पंचांगाशी घासाघीस होत नाही.

शीटमध्ये माणसं एका मापाची असतात,
एकेका चौकोनात एकेक.
कृती बसली, झुबिन बसला,
सौमिलला मी दोन चौकोनांत अर्धा अर्धा बसवला
(त्याला विचारलं नव्हतं).

झुबिन ऑगस्टातच पुण्याला गेला. पगार, दुसरं काय.
त्याच्या बदल्यात दोन पोरं आली, आणंदहून, चुणचुणीत.
त्यांना शिकवायला कृती गेली,
तिचं उरलेलं करायला मी,
माझं उरलेलं रात्री.
पाचात दोन मिळवून साडेतीन होतात
हे कुठल्या पाढ्यात होतं, बाई?

भंगाराचं मॉड्यूल. मी लिहिलं होतं: चार दिवस.
स्टोअरच्या कांतिकाकांनी वही उघडली.
तांब्याच्या तारेपुढे एक टिंब म्हणजे परत वापरायची,
दोन टिंबं म्हणजे विकली.
आणि हे गोल केलेलं टिंब?
काका चष्मा पुसत बसले. बराच वेळ पुसला.
ते मोठ्या शेठना विचारा, बेन.
मोठे शेठ नवसारीला, आजारी.
चाराचे तेवीस झाले.

मग नवरात्र आलं.
त्या नऊ रात्री माझ्या शीटमध्ये दिवसांसारखेच दिवस होते.
दीड वाजता गरबा सुटायचा, अडीचला शेव-उसळ,
सकाळी ऑफिसात टाचा सुजलेली सात माणसं
एकाच एररकडे प्रेमानं बघत बसलेली.
मी कोणाला बोलणार? आठ रात्री मीही होते तिथे.
नववी टेस्टिंगला दिली,
खिडकीतून ढोल ऐकत.

लाभपाचमला चारातली तीन मॉड्यूलं चालू झाली.
दिव्येशभाईंनी मॉनिटरवर कुंकवाचा साथिया काढला,
थोडं कुंकू शून्याच्या बटणावर सांडलं,
ते अजून तिथेच आहे म्हणतात.
चौथ्याचं काही बोलले नाहीत. शेवटचा हप्ता मात्र रोखला.
कोपऱ्यात कांतिकाकांनी लाल कापडाची नवी वही घेतली,
श्री लिहिलं,
आणि खाली, सवयीनं, एक टिंब.

आता नंदेसरीचं काम आलंय, व्हॉल्व्हवाले.
सगळ्या ओळी भरल्यावर तळाशी एक ओळ घातली:
माहीत नाही. अठरा दिवस.
आमचे साहेब म्हणाले, जरा बरं नाव दे त्याला.
‘इतर’ लिहून पाहिलं, ‘किरकोळ’ लिहून पाहिलं,
दोन्ही खोडलं.

आज समोरच्यांनी बोट नेमकं तिथेच ठेवलं.
हे अठरा कशाचे?
माझे ओठ जुन्या सवयीनं हलायला लागले होते.
माहीत नाही, मी म्हटलं,
शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.