दोन होड्या शेजारी आल्या की

या नदीवर सिग्नल नाही.
टॉवर येणार होता, त्याचे चार नटबोल्ट
शाळेच्या खिडकीत आहेत अजून,
गंजून एकमेकांना चिकटलेले.
तरी रोसेन्दो उमेन्दाच्या फोनमध्ये
अख्खी नदी आहे:
वळणं, ओहोळ, आडवी पडलेली झाडं,
मासा कुठे विणीला येतो,
तेलाची पाइपलाइन कुठे पाझरते.

मंगळवारी पहाटे त्याला पाण्यावर साय दिसली.
काळी, तिच्यात मोरपिशी झाक.
बोट बुडवलं, हुंगलं, पॅण्टला पुसलं,
फोटो काढला, नकाशावर ठिपका ठेवला.
कळवायला वर कुणी नव्हतं.
खाली होती माणसं,
सहा वस्त्या, अजून पाणी न भरलेल्या.

दुपारी वळणावर इसाउरा भेटली, केळी घेऊन निघालेली.
होडीला होडी घासली.
त्याने तिचा काठ धरला, तिने त्याचा,
नाहीतर प्रवाह थांबू देत नाही.
ती त्याच्या आईच्या गुडघ्याचं विचारत होती
तोवर ठिपका
या फोनमधून त्या फोनमध्ये गेलासुद्धा.

इसाउराकडून मास्तरांकडे,
मास्तरांकडून जाळी लावणाऱ्या दोघा भावांकडे
(एकाच्या फोनची काच रबरबँडने धरलेली),
तिथून पुढे, अंधारात.
तेल येत होतं नदीच्या चालीनं
आणि ठिपका माणसांच्या.
माणसं त्या रात्री जरा भरभर वल्हवत होती, एवढंच.

बुधवारी डेल्फिना बादली घेऊन उतरली
तर वाटेत पुतणी आडवी उभी.
पाणी स्वच्छ होतं.
डेल्फिना तासभर वैतागली तिच्यावर.
मग एकदम गप्प झाली
आणि बादली उपडी घातली.

मी इथे चार्जर दुरुस्त करायला आले होते.
संध्याकाळी मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगू लागले
की आमच्यात विरजण असतं:
शेजारच्या वाटीतून चमचाभर आणायचं,
आपलं दही लागलं की पुढच्या शेजाऱ्याला द्यायचं,
आणि पहिलं दही कुणाचं
हे कुणाला म्हणजे कुणाला माहीत नसतं.
डेल्फिना म्हणाली, मग आमच्या चिचासारखं.
यात नवीन काय?

नवीन होतं ते दुसऱ्या दिवशी दिसलं.
त्या ठिपक्याच्या पाठीवर बसून
आणखी एक ठिपका आला होता.
रोसेन्दोचा भाचा यादीर, वय बारा,
त्यानं हौसेनं खूण केली होती
रात्री टापीर जिथे खारी माती चाटायला येतात तिथे.
ती जागा सांगायची नसते.
सोबत चालत नेऊन दाखवायची असते,
तीही एकालाच, तीही उशिरा.
आता ती अकरा फोनांत होती.

काढून टाक, डेल्फिना म्हणाली.
काढणार कुठून?
मुळाशी जावं तर मूळच नाही.

मग तिनं यादीरला होडीत पुढे बसवलं
आणि निघाली, घरोघर.
प्रत्येक घरी आधी चिचा प्यावी लागते,
मग पावसाचं, मग पोरांचं,
मग कुठे मुद्द्याचं.
यादीर दर वेळी तेच वाक्य बोलला,
दर वेळी थोडं हळू.
दहा जणांनी तिच्यासमोर पुसलं.
अकरावा मासे विकायला शहराकडे गेलाय,
त्याची वाट बघतायत.

बारावा फोन माझा.
डेल्फिनानं मागितला नाही.
ओट्यावर बसून राहिली, पायाचा चिखल वाळेपर्यंत.
मी पुसलं. तिला दाखवलं.
तिनं फोनकडे पाहिलंच नाही,
माझ्या कपाळाकडे पाहत होती.

लागलेल्या दह्याचं
दूध करता येत नाही पुन्हा.
मला ती जागा माहीत आहे,
डावीकडचा कितवा ओहोळ, तेही.
इक्वाडोरच्या पूर्वेला, इतकंच लिहिते.
नदीचं नाव
तुम्ही इतका वेळ शोधत असाल,
ते मी घातलेलं नाही.