शेवटची गाडी

बॅलार्ड इस्टेट, रविवार, पहाटेचे पाच चाळीस.
फुटपाथला लागून अकरा गाड्या,
मुंडावळ्या बांधल्यासारख्या खाली मान घालून.
इंजिनं बंद आहेत तोवरच हा विनय.

रुझबेह दस्तूर बॉनेटवर कप ठेवून बोलतो,
मराठी त्याची वडिलांच्या गॅरेजातली:
"फ्रीवेवर ऐंशी म्हंजे ऐंशी. एक्याऐंशी नाय.
बोगद्यात कोणी कोणाला मागे टाकायचा नाय.
आरशात मागचा दिसला नाय, हळू हो.
तरी नाय दिसला, जागा बघून थांब.
पुढच्याची फिकर तू करू नको, तो बघेल.
आणि कोठारेबाई सगळ्यात मागे.
बाई पोचली, की आपण पोचलो."

नऊ वर्षं मी शेवटी असते.
माझी गाडी दोन माणसांची, एका बॅगेची.
घेतली नवऱ्याने, रंग मी निवडला, कच्च्या कैरीचा.
तो गेल्यावर सगळे म्हणाले, विकून टाका.
मी टायर बदलले.

शेवटच्याला काय दिसतं विचाराल, तर
दहा जणांचे स्वभाव, पाठमोरे.
डॉक्टर धुरंधर वळण दिसायच्या आधीच ब्रेक दाबतात,
घरीही तसंच बोलत असणार.
गुप्ते भाऊ-भाऊ एकमेकांना इतके चिकटून,
की मधे एक सॉरीसुद्धा मावणार नाही.

आज एक नवा: क्षितिज रांगणेकर.
गाडी हळदीच्या रंगाची, तीन दिवसांची,
सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच.
सूचना चालू असताना तो किल्ली बोटावर फिरवत होता.
शहाण्याला शब्दाचा मार, असं म्हणतात.
शब्द त्याच्या कानावरून गेले, वेगात.

शिवडीपर्यंत ठीक. खाडीवर धुरकट गुलाबी,
तो उजेड होता की पक्षी, मी पाहिलं नाही, रस्ता पाहत होते.
बोगद्यात मात्र पिवळा सुटला.
एक, दोन, डॉक्टर, गुप्ते, गुप्ते,
आवाज भिंतींना आपटून माझ्या छातीत आला
आणि खरं सांगते, माझाही उजवा पाय हलला.
अर्धा इंच. अठ्ठावन्नाव्या वर्षी.

बोगद्याबाहेर तो कडेला उभा, दिवे लुकलुकत.
चाकांचे दोन काळे ओरखडे,
भिंतीला पाठ लावून नारिंगी जाकिटातली बाई,
आणि रस्त्यावर खराटा, मधोमध मोडलेला.

बाकी काही नाही.
हे "बाकी काही नाही" मी किती वेळा मोजलं.

क्षितिजच्या हातात पाचशेच्या नोटा थरथरत होत्या, किती ते त्यालाही माहीत नव्हतं.
ती म्हणाली, "खराट्याचे नव्वद.
बाकीचे कशाचे देतोस?"
त्याला उत्तर येईना.
मलाही आलं नसतं.
नव्वद सुटे माझ्याकडे निघाले. तिने ते मोजून घेतले,
मोडक्या खराट्याचं टोक उचललं आणि झाडायला लागली,
आधी आमच्या चाकांखालची काच. कुठली कोण जाणे.

रुझबेहने त्याला काढलं नाही.
एवढंच म्हणाला, "नेक्स्ट संडे. बाईच्या पुढे. दहावा."

पुढच्या रविवारी पिवळी गाडी माझ्यापुढे होती,
ऐंशीला, क्वचित अठ्ठ्याहत्तरला,
आणि डाव्या खिडकीतून बाहेर आलेला
एक कोरा खराटा, कारण डिकीत तो मावेना.
तिचं नाव सुगंधा साळवे, हे त्यानेच शोधून काढलेलं.

बोगद्यात त्याने आरशात पाहिलं. मला पाहिलं.
वाऱ्याने दोन काड्या सुटल्या,
एक येऊन माझ्या काचेवर टकटकली.

मी अंतर थोडं वाढवलं.