रेंजचा धोंडा

नेत्रावळीच्या वर आमचा माट्टीवाडा.
तिथून वीस मिनिटं चढलं की एक काळा धोंडा,
त्यावर उभं राहून तोंड सांग्याकडे केलं
की मोबाइलला दोन काड्या येतात.
वारा पडला असेल तर तीन, असं भिको म्हणतो.

पुनव वेळीपला घोणस चावली ती सकाळी,
बोंडू वेचताना, काजीच्या सुक्या पाल्यात.
भिकोनं तिला मांडवाच्या प्लास्टिक खुर्चीत बसवलं,
खालून दोन बांबू घातले.
मी मास्तर. मला नीट बोलता येतं,
म्हणून मला धोंड्यावर पाठवलं.

जवळची खूण सांगा, पलीकडची मुलगी म्हणाली.
बँक? पेट्रोल पंप? हॉटेल?
फणस, मी म्हटलं. वीज पडलेला.
ती थोडी थांबली.
सर, तो नकाशावर येत नाही.
मग म्हणाली, फोन चालू ठेवा, हलू नका,
आणि पेशंट शुद्धीवर आहे ना?

पेशंट खाली. मी वर.
तिच्यापाशी गेलो तर फोन मरतो,
फोनपाशी राहिलो तर
"आहे," मी म्हटलं.
एवढं खोटं मी वर्गात कधी बोललो नाही.

माझा मेहुणा बाग्याला शॅकमध्ये कामाला.
सांगत होता, एका पाहुण्याच्या छातीत कळ आली,
गाडी पोचली तेव्हा
त्याच्या ग्लासातला बर्फसुद्धा विरघळला नव्हता.
वाचला तो. बरंच झालं, कुणाचा तरी बाप असेल.
मी आपला धोंड्यावर बसून
बर्फाचा हिशेब करत राहिलो,
ज्या वाड्यात एकही फ्रीज नाही तिथला.

गाडी खालच्या तिठ्यावर आली
तेव्हा सावल्या पायात आल्या होत्या.
ड्रायव्हर काणकोणचा, कोवळा पोरगा,
दोनदा वाट चुकलेला, शर्ट भिजून चिंब.
माफ करा, म्हणाला. आम्हालाच.
मी आत बसलो, पुनवचा हात धरून.
तिळामळ मागे पडलं आणि
त्यानं सायरन बंद केला.
रस्ता तर मोकळाच होता.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी
खात्याला हजेरी कळवायला पुन्हा वर गेलो.
धोंड्यावर कुणीतरी तांबडं दासवण ठेवलेलं,
नारळाचं शकल, विझलेली वात.
हसू येईना. रागही.
चपला काढल्या,
देवावर पाय देऊन उभा राहिलो
आणि हात उंच धरला.