प्रवेशिका क्रमांक ११८

दिवसभर मी दुसऱ्यांच्या टॉवरमधले संडास काढते.
सत्तेचाळीस मजले, प्रत्येक मजल्यावर तेच.
रात्री, अल नाहदाच्या खोलीत,
इस्त्रीच्या टेबलावर माझा स्वतःचा कागद.

स्पर्धा खुली होती. विषय: बसथांब्यावरची सावली.
अट ठळक अक्षरांत: कागदावर नाव नको,
नाव वेगळ्या लखोट्यात, चिकटवून.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात
दुपारी चारला मोजमापाला गेले.
थांबा म्हणजे नुसता खांब.
खांबाच्या सावलीत अकरा माणसं,
एकामागे एक, अंग चोरून,
आणि सावली सरकली की
अख्खी रांग न बोलता सरकायची.

टेपचं दुसरं टोक जरवलीनं धरलं,
पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर.
म्हणाला, "बाजी, छत छोटं चालेल,
पश्चिमेला भिंत दे.
हे ऊन वरून नाही, बाजूनं घुसतं."
पाच वर्षं कॉलेजात, नऊ नोकरीत,
इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

मी भिंत काढली. मातीच्या जाळीची,
पाठ टेकता येईल अशी.

पहिलं बक्षीस एका पांढऱ्या पंखाला.
छान होता, खोटं का बोलू.
फक्त चार वाजता त्याची सावली कुठे पडते
ते मी मोजून पाहिलं:
रस्त्यावर.

हरलेल्यांचे लखोटे फोडत नाहीत.
माझ्या लखोट्यात दोन नावं आहेत.
दुसरं उर्दूत, त्यानंच लिहिलेलं,
टँकरच्या बॉनेटवर कागद ठेवून.
बॉनेट तापलं होतं.
शाई जराशी पसरली.