दिसल्या तेवढ्या

विश्वामित्रीत मगरी मोजायच्या त्या अमावस्येच्या आसपास,
थंडीत, कपाळाला बॅटरी बांधून.
डोळे चमकतात. निखाऱ्यासारखे, असं पुस्तकात म्हणतात.
जेसंगभाई म्हणतो, विडीसारखे:
दोन विड्या शेजारी शेजारी, कुणीच ओढत नसलेल्या.

अकरा वर्षं मोजल्या, समा ते वडसर.
लेख छापून आला तेव्हा दांडियाबाजारातून
किलोभर लीलो चेवडो नेऊन डिपार्टमेंटात वाटला,
आणि मग दार लावून स्वतःचंच नाव शोधलं.
सापडलं. पुढचं पान उघडायला पस्तीस डॉलर.
आपलेच दात, आपलेच ओठ,
आणि चावायचे तर पैसे परकीय चलनात.

सगळ्यांसाठी खुलंही करून देतो, म्हणाले,
अडीच हजार भरा. तेही डॉलरच.
ग्रंथालयात शिर्केबाईंनी मान हलवली:
वर्गणी मार्चपासून बंद.
त्यांचे आजोबा या संस्थानात
गावोगाव पुस्तकांच्या पेट्या घेऊन फिरायचे.
पेटीला कुलूप असायचं, पण किल्ली, म्हणे,
त्याच गावात राहायची.

शेवटी एडमंटनहून मयूरेशने,
माझ्याच विद्यार्थ्याने, माझाच लेख
मला पाठवला. खाली ओळ: मॅडम, कुणाला सांगू नका.

फेब्रुवारीत फतेगंजला परिषद झाली,
ज्ञान सर्वांचं, या विषयावर. नोंदणी साडेतीन हजार.
प्रकाशकांचे प्रतिनिधी कळवळून बोलले.
मागून कुणीतरी पुटपुटलं, नक्राश्रू.
मी त्याच प्राण्यावर काम करते म्हणून सांगते,
मगरीच्या डोळ्यांना पाणी येतं ते खरंच येतं.
जेवताना.

बढतीच्या मुलाखतीला तिघे.
इम्पॅक्ट किती, पहिल्याने विचारलं.
शून्य पूर्णांक सात, म्हटलं.
तो शेजाऱ्याकडे बघून हसला,
सोयरिकीत मुलाचा पगार ऐकून हसतात तसा.
उद्धरणं? सहा.
त्यातली दोन माझी मीच केलेली, हे बोलले नाही.
एक ब्राझीलचं आहे, त्यात लिहिलंय
की या बाईंची पद्धतच चुकली.
तेही धरतात. पूर्वी शिव्या फुकट जायच्या.
तिसरे एवढंच म्हणाले,
नदीला अजून वास येतो का हो?

अर्जात ‘समाजावरील प्रभाव’, त्याला दीड इंच जागा.
त्यात कसं बसवू
की जेसंगभाईच्या भावजयीने धुण्याचा दगड
सात पावलं वर सरकवला,
अंडी फुटायच्या आत, मी सांगितलं म्हणून,
आणि त्या काठावर तीन पावसाळे
कुणाचा हात गेला नाही.
न गेलेल्या हाताचा
संदर्भ कोण देणार, कुठल्या पानावर?

बेन, माझं नाव घातलंस का?
घातलंय. आभारात, सहाव्या ओळीत.
दाखव.
मयूरेशची फाइल उघडून फोन त्याच्या हातात दिला.
त्याने बोट ठेवलं, अक्षरं मोठी झाली.
अजून ताणली, अजून.
सगळा लेख पडद्याबाहेर गेला
आणि आत एकटा जेसंग उरला, तोही अर्धा.

काल पुन्हा मोजणी होती.
काळाघोड्याच्या पुलावर स्कूटर लावून
लोक वाकून आम्हालाच बघत होते.
एकवीस जोड्या. वहीत लिहिलं, एकवीस.
आणि पाण्याखालच्या?
त्यांच्यासाठी गुणक असतो, म्हटलं.
दिसल्या त्याच्या दुप्पट धरायच्या, कधी अडीचपट.
कोणी ठरवलं?
आहे एक लेख त्यावर.
तू वाचलास?
सारांश वाचला. तेवढा उघडतो.

तो हसला असावा. तोंड दिसत नव्हतं,
विडी दिसत होती.
एकच.